रांगेतली पहिली जागा

कॅनडाच्या सैन्यात शिपायापासून जनरलपर्यंत सगळ्यांना सारखा लागू असलेला एक नियम आहे. तुमचं काम स्वयंपाकाचं असो, ट्रक दुरुस्तीचं असो की पगारपत्रकं लिहिण्याचं, तुम्ही आधी सैनिक आहात आणि मग बाकी सगळं. ऐनवेळी हुकूम आला तरी जगात कुठेही, कसल्याही हवामानात जाता आलं पाहिजे. रात्रंदिवस काम करता आलं पाहिजे, एखाद्या वेळचं जेवण हुकलं तरी उभं राहता आलं पाहिजे आणि जवळपास दवाखाना नसला तरी निभावता आलं पाहिजे. या नियमाला तिथे ‘सार्वत्रिक सेवे’चं तत्त्व म्हणतात. त्यात जो बसत नाही, त्याला सैन्यात राहता येत नाही.

समजा, न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या गेजटाउन तळावर चिलखती गाड्या दुरुस्त करणारा एक कॉर्पोरल आहे. बारा वर्षं नोकरी झाली, एकदा अफगाणिस्तानला जाऊन आला. तिथे गाडीखाली सुरुंग फुटला. जीव वाचला, पण कंबर कायमची दुखावली. परत आल्यावर झोप उडाली, गर्दीत छाती धडधडू लागली, रोजची गोळी सुरू झाली. आधी त्याला तात्पुरत्या वैद्यकीय श्रेणीत टाकतात. बरं वाटेल म्हणून काही महिने थांबतात, उपचार करतात. सुधारणा झाली नाही की श्रेणी कायमची होते. ‘इतकं वजन उचलू नये, डॉक्टरपासून लांब पाठवू नये’ अशी बंधनं फायलीवर चढतात. फाइल ओटावाला मुख्यालयात जाते आणि तिथून उत्तर येतं, की हा माणूस सार्वत्रिक सेवेत बसत नाही, त्याला वैद्यकीय कारणावरून सेवामुक्त करावं. आपल्याकडे फौजेतली माणसं याला ‘बोर्ड आउट’ होणं म्हणतात.

हाच कॉर्पोरल वर्कशॉपच्या टेबलाशी बसून सुट्या भागांचा साठा उत्तम सांभाळू शकतो. नव्या मुलांना इंजिन शिकवू शकतो. त्याच्या हातातलं कौशल्य शाबूत आहे. त्याला काढलं जातं ते कामात कमी पडला म्हणून नव्हे, तर उद्या कुठेतरी पाठवायची वेळ आली तर तो जाऊ शकणार नाही म्हणून. सैन्याच्या बाजूनं पाहिलं तर हा नियम निर्दय असला तरी अनाठायी नाही. टेबलाशी बसणाऱ्यांची संख्या वाढत गेली की मोहिमेवर जाण्याचा भार उरलेल्या थोड्यांवर पुन्हा पुन्हा पडतो, आणि मग तेही मोडतात.

पण मला या प्रश्नाचं मूळ दिसतं ते पुढच्या गोष्टीत. कॅनडाचा मानवी हक्क कायदा १९७७ चा. त्यानुसार संघीय कायद्याच्या कक्षेतल्या मालकांना, सरकारलासुद्धा, अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यासाठी झेपेल तितकी सोय करून द्यावीच लागते. टेबल बदला, वेळ बदला, काम बदला. याच कायद्यात सैन्यासाठी मात्र अपवाद लिहिलेला आहे : सोय करून देण्याची सक्ती सार्वत्रिक सेवेच्या तत्त्वाच्या आड येणार नाही. म्हणजे एकच सरकार, एकच माणूस. गणवेशात असेतो सरकार त्याला सांगतं, तुझ्यासाठी सोय करणं मला बंधनकारक नाही. तोच माणूस साध्या कपड्यात एखाद्या खात्यात कारकून म्हणून लागला, तर त्याच्या कंबरेला जपणारी खुर्ची देणंही त्याच सरकारवर बंधनकारक होतं. या दोन दारांमध्ये जो माणूस अडकतो, त्याला एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत नेण्याची जबाबदारी सरकारनं घ्यायला हवी. त्यात उपकाराचा भाग नाही. त्याचं जुनं दार सरकारनंच बंद केलेलं असतं.

हा विचार काही आजचा नाही. पहिल्या महायुद्धात कॅनडाची लोकसंख्या जेमतेम ऐंशी लाख होती. त्यातले सहा लाखांवर लोक फौजेत गेले, साठ हजारांहून अधिक मेले आणि पावणेदोन लाखांच्या आसपास जखमी झाले. गावोगाव कुबड्या घेतलेले तरुण दिसू लागले. १९१८ मध्ये सरकारनं सैनिकांच्या नागरी पुनर्वसनासाठी वेगळं खातंच काढलं. त्याच वर्षीच्या मुलकी सेवा कायद्यानं सरकारी नोकऱ्या वशिल्याऐवजी गुणवत्तेवर द्यायच्या असं ठरवलं आणि त्या गुणवत्तेतही युद्धावरून परतलेल्यांना अग्रक्रम दिला. अमेरिकेत तर त्याच्याही आधी, यादवी युद्ध संपत असताना १८६५ मध्ये, जखमेमुळे किंवा आजारामुळे फौजेतून सुटलेल्यांना सरकारी पदांवर आधी घ्यावं असा कायदा झाला होता. पुढे १९४४ मध्ये तिथे सर्वच माजी सैनिकांसाठी परीक्षेत वाढीव गुणांची पद्धत पक्की झाली. साध्या पात्र सैनिकाला पाच गुण, अपंगत्व आलेल्याला दहा.

कॅनडानं वाढीव गुणांची वाट धरली नाही आणि आपल्यासारखे टक्केही ठरवले नाहीत. त्यांनी एक रांग उभी केली. ती कशी चालते ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी कथा त्या रांगेतल्या जागेची आहे.

तिथल्या संघीय सरकारात भरतीवर देखरेख करतो तो लोकसेवा आयोग. तो मंत्र्यांना नव्हे तर थेट संसदेला जबाबदार असतो. भरती प्रत्यक्षात खाती स्वतःच करतात, पण एका अटीवर. एखाद्या अधिकाऱ्याला जागा भरायची असेल तर जाहिरात काढण्याआधी त्यानं आयोगाकडे विचारणा करायची : अमुक काम, अमुक गावी, या या आवश्यक अर्हता, तुमच्या यादीत कुणी प्राधान्यधारक आहे का? आयोग आपली यादी चाळतो आणि जुळणारी नावं पाठवतो. त्या माणसांची पात्रता तपासावी लागते. त्यातलं कुणी आवश्यक अर्हता पूर्ण करत असेल तर जागा त्याची. कुणीच बसत नसेल तरच आयोग मोकळीक देतो आणि मग जाहिरात निघते.

यातला कळीचा भाग असा, की प्राधान्यधारकाला इतर उमेदवारांशी स्पर्धा करावी लागत नाही. त्याला फक्त कामाच्या मोजपट्टीला उतरायचं असतं. २००३ मध्ये झालेल्या आणि २००५ च्या अखेरीस अमलात आलेल्या लोकसेवा भरती कायद्यानं गुणवत्तेचा अर्थच असा लावला, की जो आवश्यक अर्हता पूर्ण करतो तो गुणवत्तेनं निवडला गेला. शंभर जणांत पहिला येणं ही अट उरली नाही. त्यामुळे ‘प्राधान्यानं घेतलेला म्हणजे कच्चा’ असा शेरा कायद्याच्या भाषेत तरी मारता येत नाही. काम येत नसेल तर प्राधान्य असूनही जागा मिळत नाही, आणि हे मला रास्त वाटतं.

पण या यादीत फक्त सैनिक नसतात. ज्यांची पदं रद्द झाली असे अतिरिक्त ठरलेले सरकारी कर्मचारी असतात. आपल्याकडे शाळेची तुकडी बंद पडली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाची वाट पाहत बसतो, तसेच हे लोक. दीर्घ रजेवर असताना ज्यांची जागा भरली गेली ते असतात, कामावरून कमी केलेले असतात. कर्तव्यामुळे मृत्यू आलेल्यांचे पती किंवा पत्नी असतात. आपल्या अनुकंपा यादीची आठवण व्हावी असा तो भाग आहे. या सगळ्यांचे दोन गट. एका गटाला प्राधान्य संसदेच्या कायद्यानं मिळालेलं, दुसऱ्याला आयोगाच्या नियमांनी. कायद्याचा गट पुढे, नियमांचा मागे. वैद्यकीय कारणावरून सेवामुक्त झालेले सैनिक २०१५ पर्यंत या मागच्या गटात होते, आणि त्यांचं प्राधान्य दोन वर्षांत संपत असे.

सरकारी नोकऱ्या वाढत होत्या तोवर पुढे-मागे असण्यानं फारसं बिघडत नव्हतं. मग २०१२ चा अर्थसंकल्प आला. तूट भरून काढण्यासाठी तीन वर्षांत १९,२०० पदं कमी करायची असं सरकारनं जाहीर केलं. हजारो कर्मचारी एकदम अतिरिक्त ठरले आणि कायद्यानं मिळालेलं प्राधान्य घेऊन रांगेच्या पुढच्या भागात येऊन उभे राहिले. जागा थोड्या निघत होत्या, आणि ज्या निघत त्या तिथेच संपत. मागे उभ्या सैनिकांपर्यंत पोचेनात.

आणि हे कुणाच्या बाबतीत घडलं? अफगाणिस्तानात २००१ ते २०१४ या काळात कॅनडाचे चाळीस हजारांहून अधिक लोक जाऊन आले. १५८ सैनिक तिथे मेले. जे परतले त्यांच्यापैकी अनेकांच्या जखमा हळूहळू वर आल्या. गुडघे, कंबर, कान यांच्या तर आल्याच, शिवाय मनाच्याही आल्या, ज्यांना तिथले लोक ‘मोहिमेच्या ताणाची इजा’ म्हणतात. ही माणसं सेवामुक्त होऊ लागली नेमकी त्याच वर्षांत, जेव्हा रांग पुढून फुगली होती. दोन वर्षांचं घड्याळ टिकटिक करत होतं आणि हलत काहीच नव्हतं. ज्याच्या हातात ‘प्राधान्य’ असं लिहिलेलं पत्र आहे, त्याला दोन वर्षांत एकदाही बोलावणं येऊ नये, यातलं दुःख नोकरी न मिळण्याहून वेगळं असतं. नोकरी मिळणार नाही असं आधीच सांगितलं असतं तर माणूस दुसरीकडे वळला असता. पत्रामुळे तो थांबून राहिला.

मार्च २०१४ मध्ये सरकारनं विधेयक आणलं. माजी सैनिक भरती कायदा म्हणून तो ३१ मार्च २०१५ ला मंजूर झाला आणि १ जुलै २०१५ पासून लागू झाला. १ जुलै हा कॅनडाचा राष्ट्रीय दिवस. या कायद्यानं तीन वेगवेगळ्या गोष्टी केल्या आणि त्यांची अनेकदा गल्लत होते.

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट प्राधान्याची. सैनिकी सेवेमुळे आलेल्या आजारानं किंवा इजेनं ज्याला सेवामुक्त व्हावं लागलं, तो मागच्या गटातून उचलून रांगेत सर्वांत पुढे आणला गेला. अतिरिक्त कर्मचाऱ्यांच्याही पुढे. मुदत दोनाऐवजी पाच वर्षं झाली. ज्याची इजा सेवेशी संबंधित नाही, म्हणजे समजा सुट्टीत घरी गेला असताना अपघात झाला, तो मागच्याच गटात राहिला, पण त्यालाही पाच वर्षं मिळाली.

दुसरी गोष्ट, किमान तीन वर्षं सेवा करून सन्मानानं बाहेर पडलेल्या कुठल्याही माजी सैनिकाला, तो धडधाकट असला तरी, जनतेसाठी निघालेल्या जाहिरातीत अर्हता पूर्ण केल्यास इतर नागरिकांच्या आधी घ्यायचं. तिसरी, खात्यांच्या अंतर्गत जाहिरातींना, ज्यांना एरवी फक्त सरकारी कर्मचारीच अर्ज करू शकतात, सैनिकांनाही अर्ज करता येईल. या दोन्ही सवलती सेवा सुटल्यापासून पाच वर्षं.

ब्रॅम्प्टन, मिसिसागा भागात स्थायिक होऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. जनतेसाठीच्या जाहिरातीत माजी सैनिकांनंतर पूर्वी फक्त नागरिकांचा क्रम लागायचा. २०२१ पासून कायम रहिवाशांना नागरिकांच्या बरोबरीनं धरलं जातं. आणि २०२२ च्या अखेरीपासून कायम रहिवाशांना कॅनडाच्या सैन्यात भरतीही होता येतं. तेव्हा आपल्याकडून गेलेल्या एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा या रांगेशी उद्या संबंध येणारच नाही, असं मानायचं कारण नाही.

पाच वर्षांच्या घड्याळाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण मला या कायद्यातला सर्वांत समजूतदार भाग तिथे दिसतो. प्राधान्याची पाच वर्षं सेवा सुटल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत. डॉक्टर ज्या दिवशी लिहून देतो की हा माणूस आता काम करायला तयार आहे, त्या दिवशी घड्याळ सुरू होतं. फक्त ती तारीख सेवामुक्तीनंतर पाच वर्षांच्या आत पडली पाहिजे. म्हणजे आपल्या कॉर्पोरलला आधी कंबरेची शस्त्रक्रिया करून घेता येते, मनाच्या उपचाराला वर्षभर देता येतं, हवं तर एखादा अभ्यासक्रम पुरा करता येतो, आणि मग तो रांगेत उभा राहतो. ज्यानं हे कलम लिहिलं त्याला आजारी माणसाची दिनचर्या ठाऊक असावी. इस्पितळात पडलेल्याला नोकरीचा हक्क देऊन तो तिथेच संपू देण्याइतकी क्रूर गोष्ट नाही.

तरीही एक पायरी अशी आहे जिथे हक्क अडखळतो. इजा सेवेमुळे झाली की नाही, हे कोण ठरवणार? ते ठरवतं माजी सैनिकांचं खातं, ज्याचं मुख्यालय ओटावात नसून पूर्वेच्या टोकाला, प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या शार्लटटाउन गावी आहे. सुरुंगाच्या जखमेबद्दल वाद होत नाही. पण पंधरा वर्षं जड सामान वाहून झिजलेला मणका? रात्री घाम फोडणारी स्वप्नं, जी परतल्यावर चार वर्षांनी सुरू झाली? कागद जमवावे लागतात, जुन्या तुकडीतल्या साक्षी लागतात. हे खातं निर्णयाला किती वेळ लावतं याचा अंदाज त्याच्या दुसऱ्या एका कामावरून येतो. अपंगत्वाच्या लाभांचे पहिले अर्ज निकालात निघायला मध्यकानुसार ३९ आठवडे लागत होते, असं महालेखापरीक्षकांनी २०२२ च्या अहवालात दाखवलं. खात्यानं स्वतःला घालून दिलेली मुदत होती १६ आठवडे. फ्रेंचमध्ये अर्ज करणाऱ्यांना आणि याच खात्याकडे अर्ज करणाऱ्या संघीय पोलिसांना त्याहून जास्त थांबावं लागत होतं.

आपल्याकडेही सगळी भांडणं याच जागी होतात. ‘लष्करी सेवेमुळे उद्भवलेलं किंवा सेवेमुळे बळावलेलं’ हे शब्द अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या प्रत्येक फायलीत असतात आणि सशस्त्र दल न्यायाधिकरणासमोर त्यावरच वर्षानुवर्षं वाद चालतात. २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की भरतीच्या वेळी जवान तंदुरुस्त होता अशी नोंद आहे, तर नंतरचा आजार सेवेमुळेच आला असं गृहीत धरावं. तसं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं सरकारचं. मला हे तत्त्व फार मोलाचं वाटतं. आजारी माणसाच्या खांद्यावर पुराव्याचं ओझं टाकू नये.

कागद झाले, घड्याळ सुरू झालं, कॉर्पोरल रांगेत पहिला आहे. आता नोकरी मिळेल? बहुतेक वेळा प्रश्न इथून पुढे सुरू होतात, आणि कायद्याला ते फारसे दिसत नाहीत.

एक प्रश्न गावाचा. संघीय सरकारच्या नोकऱ्यांचा मोठा वाटा ओटावा आणि नदीपलीकडच्या गातिनो परिसरात एकवटलेला आहे. गेजटाउन, पेटावावा, शायलो हे लष्करी तळ लहान गावांच्या आधारानं वसलेले. बायकोची नोकरी तिथे, मुलांच्या शाळा तिथे, ज्याच्याशी मोकळेपणानं बोलता येतं तो मानसोपचारतज्ज्ञही तिथेच. सैन्यात असताना दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबाला आता पहिल्यांदाच एका जागी राहायचं असतं, आणि नोकरी म्हणते, राजधानीला या. तळावरच नागरी कर्मचारी म्हणून संरक्षण खात्यात जागा मिळाली तर उत्तम, आणि पुष्कळांची पहिली पसंती तीच असते. पण सगळ्यांना पुरतील इतक्या जागा तिथे नसतात.

दुसरा प्रश्न भाषेचा. अनेक पदांना इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही लागतात, आणि ती आवश्यक अर्हता असते. पश्चिमेकडच्या अल्बर्टात वाढलेल्या जवानाचं फ्रेंच सरकारी परीक्षेला उतरेलच असं नाही. तिथे प्राधान्य थिटं पडतं.

तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो : अर्हता लिहितो कोण? ज्या अधिकाऱ्याला जागा भरायची आहे, तोच. त्याच्या मनात आधीच कुणी असेल तर अर्हता त्या माणसाच्या मापानं बेतता येतात. ‘अमुक प्रणालीवर काम केल्याचा तीन वर्षांचा अनुभव’ एवढं एक वाक्य पुरतं. त्या प्रणालीवर बाहेरच्या कुणी काम केलेलं असणं शक्यच नसतं. हे कसं होतं हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडच्या कित्येक जाहिरातींच्या अटी वाचताना निवड कुणाची होणार हे गावाला कळतं. आणि प्रत्येक वेळी लबाडी असते असंही नाही. सार्जंटनं युद्धाच्या मैदानावर तीस माणसं, वीस गाड्या आणि लाखोंचं सामान सांभाळलं, हे मुलकी अधिकाऱ्याला अर्जावरून उमगतच नाही. त्याला रकान्यात पदवी दिसत नाही, तेवढं दिसतं. सार्जंटलाही आपलं काम मुलकी भाषेत मांडायची सवय नसते. सैन्यात ‘मी केलं’ असं म्हणायला कुणी शिकवत नाही, ‘तुकडीनं केलं’ असंच शिकवतात. मुलाखतीत मात्र गुण ‘मी’ला मिळतात.

यावर उपाय आहेत आणि काही झालेही आहेत. सेवा सुटण्याआधीच सैनिकाची तयारी करून घेण्यासाठी कॅनडाच्या सैन्यानं २०१८ मध्ये संक्रमण गट नावाची वेगळी संघटना उभी केली. अर्ज कसा लिहावा, लष्करी हुद्दा मुलकी पदाशी कसा जुळवावा, हे तिथे शिकवलं जातं. पण माझं मत असं, की शिकवणी दोन्हीकडे लागेल. भरती करणाऱ्या अधिकाऱ्यानंही एकदा तळावर जाऊन सार्जंटचा दिवस पाहावा.

याचा आणखी एक पदर आहे, आणि तो आपल्या फार जवळचा. गणवेश उतरवलेल्या माणसाला समाज कुठली जागा देतो? कॅनडात १९२५ पासून ‘कमिशनेअर्स’ नावाची माजी सैनिकांची संस्था आहे. सरकारी इमारतींच्या पहाऱ्याचं काम द्यायचं तर आधी त्यांना विचारायचं असा रिवाज आहे. आपल्याकडे मेस्को, म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, असंच काम करतं. बँका, कारखाने, महामंडळं यांच्या दारांवर उभे असलेले कित्येक जण सातारा, कोल्हापूर, सांगलीकडचे माजी सैनिक आहेत. हे काम सन्मानाचं आहे आणि त्यावर हजारो घरं चालतात. पण ज्यानं सिग्नल रेजिमेंटमध्ये वीस वर्षं संदेशयंत्रणा सांभाळली, त्याची जागा फाटकावरच का ठरावी? कॅनडाच्या प्राधान्याचं मला मोल वाटतं ते यासाठी, की ते माणसाला फाटकातून आत, टेबलापर्यंत नेऊ पाहतं. तिथे कुठल्याही वर्गाचं पद असो, माणूस पात्र असेल तर हक्क चालतो.

भारतात वाट टक्क्यांची. १९७९ च्या केंद्रीय नियमांनुसार माजी सैनिकांना गट ‘क’मध्ये १० आणि गट ‘ड’मध्ये २० टक्के जागा. राष्ट्रीयीकृत बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत साडेचौदा आणि साडेचोवीस टक्के, त्यातले साडेचार टक्के अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी आणि कामी आलेल्यांच्या वारसांसाठी. महाराष्ट्रात गट ‘क’ आणि ‘ड’मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण. टक्क्यांचा फायदा उघड आहे : जागा निघाली की त्यातला वाटा ठरलेला. तोटाही उघड आहे. वाटा वरच्या पदांपर्यंत पोचत नाही आणि योग्य उमेदवार मिळाला नाही की जागा रिकामी राहते. रांगेत वाटा ठरलेला नसतो, पण पहिला असेल त्याला कुठलंही दार उघडू शकतं.

जखमी सैनिकाला नवं काम शिकवण्याची आपली परंपरा कुणाहून उणी नाही. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासूनची, म्हणजे कॅनडाच्या पुनर्वसन खात्याहूनही एका वर्षानं आधीची. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालून अधू झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमधून पोहण्यातलं सुवर्णपदक घेऊन आले आणि पुण्यात टेल्कोत नोकरी करत राहिले. पण परंपरा असूनही भोकं राहतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत किंवा डेहराडूनला प्रशिक्षण चालू असताना जखमी होऊन बोर्ड आउट झालेली मुलं माजी सैनिक ठरतच नव्हती, कारण त्यांना अजून कमिशन मिळालेलं नव्हतं. वर्तमानपत्रात हा प्रश्न आला, तेव्हा कुठे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून त्यात लक्ष घातलं.

कॅनडाच्या व्यवस्थेतलं असंच एक भोक म्हणजे तिथले पोलिस.

रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिस, म्हणजे आरसीएमपी, हे दल १८७३ चं. लाल डगला आणि घोडा हे चित्र जगभर पोचलंय, पण रोजचं काम वेगळंच आहे. ऑन्टॅरिओ आणि क्वेबेक सोडले तर बहुतेक प्रांतांत आणि उत्तरेच्या तिन्ही प्रदेशांत गावोगावचं पोलिसकाम हेच दल करतं. दुर्गम भागांत मोठ्या टापूत दोन-तीनच पोलिस असतात. महामार्गावरच्या अपघातात प्रेतं उचलायची तीच माणसं, घरगुती मारहाणीला धावायची तीच, आत्महत्या केलेल्या मुलाच्या घरी निरोप घेऊन जायची तीच. सैनिक मोहिमेवर जाऊन परत येतो. पोलिसाची मोहीम त्याच्याच गावात चालते आणि ती संपत नाही. मनाच्या इजेचं प्रमाण या दलात मोठं आहे, यात नवल नाही.

वैद्यकीय कारणावरून सेवामुक्त झालेल्या आरसीएमपी पोलिसालाही प्राधान्य आहे. पण ते मागच्या गटातलं, नियमांनी दिलेलं, आणि दोन वर्षांचं. इजा कर्तव्यावर झाली असली तरी दोनच वर्षं. २०१५ मध्ये सैनिकाला उचलून पुढे नेलं आणि पोलिसाला होता तिथेच ठेवलं. विधेयक मांडलं गेलं तेव्हाचे माजी सैनिक खात्याचे मंत्री जुलियन फँटिनो हे स्वतः टोरॉंटोचे माजी पोलिसप्रमुख होते, म्हणून ही गोष्ट मला जास्त खुपते. या पोलिसांना तेव्हा स्वतःची मान्यताप्राप्त संघटनाही नव्हती. संघटनेमार्फत वाटाघाटी करण्याचा त्यांचा हक्क कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१५ मध्ये मान्य केला आणि संघटना प्रत्यक्ष उभी राहिली २०१९ मध्ये. कायदा होत होता त्या महिन्यांत त्यांच्या बाजूनं टेबलाशी बसून बोलणारं कुणी नव्हतं.

पोलिस मोहिमेवर देशाबाहेर जात नाही, त्याला दलात हलकं काम देता येतं, म्हणून त्याचं प्रकरण वेगळं, असा युक्तिवाद होतो. तो अर्धाच खरा आहे. हलकं काम देता आलं असतं तर तो सेवामुक्त झालाच नसता. आपण बोलतोय ते सगळे उपाय हरल्यावर बाहेर पडलेल्यांबद्दल. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सांगून ठेवलंय, की सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येणार नाही. त्याच पगारावर दुसरं पद द्यावं, पद नसेल तर तो निवृत्त होईपर्यंत अधिसंख्य पद निर्माण करावं. काही दलांना यातून सूट देण्याची तरतूद आहेच. पण तत्त्व सरळ आहे : जखमी माणसाला आधी बाहेर काढून मग आत घेण्यापेक्षा, बाहेर काढूच नये. कॅनडाच्या पोलिसांना तेही नाही आणि रांगेतली पुढची जागाही नाही.

आणि आता रांग पुन्हा फुगू लागली आहे. कॅनडाच्या संघीय सेवेत २०२३-२४ मध्ये ३,६८,००० च्या आसपास लोक होते. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पानं ही संख्या २०२८-२९ पर्यंत सुमारे ३,३०,००० वर आणायचं ठरवलं. काही जण निवृत्त होतील, काही स्वेच्छेनं जातील, पण अतिरिक्त ठरणारेही हजारोंनी असतील आणि ते पुन्हा कायद्याच्या प्राधान्यासह पुढे येऊन उभे राहतील. त्यांचाही काही दोष नाही. पगार थांबलेल्या घरात दुःख सारखंच असतं, आणि सैनिकाला त्यांच्यापुढे ठेवताना हे विसरून चालणार नाही. पण या वेळी सेवेत जखमी झालेला सैनिक त्यांच्या पुढे आहे. २०१२ मध्ये जे घडलं ते त्याच्या बाबतीत घडू नये, अशी सोय २०१५ मध्ये झाली आहे.

आरसीएमपीचा जखमी पोलिस मात्र आज नेमका त्या जागी उभा आहे, जिथे २०१२ मध्ये सैनिक उभा होता : मागच्या गटात, दोन वर्षांचं घड्याळ घेऊन, पुढे वाढत जाणाऱ्या गर्दीकडे पाहत. त्याला पुढे आणायला नवं खातं लागत नाही, नवी यादी लागत नाही. कायद्याच्या ज्या कलमानं सैनिकाला सर्वांत पुढे नेलं, त्यात ‘किंवा आरसीएमपीचा सदस्य’ एवढे शब्द घालायचे आणि दोनाच्या जागी पाच लिहायचं. कपातीची पत्रं घराघरांत पोचण्याआधी हे व्हायला हवं.